हात माझे, डोळे तुझे

प्रिय खारूताई,

परवा फोनवर तू रडली नाहीस, पण दोनदा नाक ओढलंस ते मला ऐकू आलं. साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिलीय म्हणालीस. गेम घेतलेल्यांच्या तक्रारी आल्या, म्हणून तू बनवलेल्या धरणाच्या लेव्हलमध्ये पुढच्या अपडेटला रस्ता दाखवणारा लाल बाण घालायचा, नाहीतर ती अख्खी लेव्हलच गेममधून काढून टाकायची. मी नुसतं हं हं करत राहिलो. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, पोरगी जीव तोडून बोलतेय आणि हे आपले ढिम्म. अगं, ढिम्म कसला, मी तुझी लेव्हल तोवर खेळलोच नव्हतो. न खेळता मत ठोकणाऱ्यांवर मी किती चिडतो, तुला माहीत आहे. मग त्यांच्यात मी कसा जाऊन बसू?

दुकानात मात्र तुझा डंका जोरात आहे. किल्ल्या कापायच्या यंत्राच्या वर तुझ्या गेमचं पोस्टर लावलंय. त्यावर तुझं नाव नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच सांगतो की या धरणाच्या पोटातले बोगदे, जिने, पंपघर सगळं माझ्या लेकीनं बांधलंय. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, गेम ठीक आहे हो, पण धरणात रस्ताच सापडत नाही, बनवणाऱ्यानं डोकं गहाण ठेवलं होतं की काय. कामात खोट नको म्हणून त्याची किल्ली नीट घासून दिली. चहा मात्र विचारला नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीतला आपला जुना कॉम्प्युटर आठवतो? मी खुर्चीत, तू हत्यारांच्या पेटीवर, पाय जमिनीला टेकायचे नाहीत तुझे. आपला नियम ठरलेला होता: हात माझे, डोळे तुझे. बंदूक मी चालवायची, वाट तू शोधायची. एकट्यानं खेळायचा गेम आपण जोडीनंच खेळलो. बाबा, ही लाल किल्ली, हिरवी त्या खांबामागे राहिली, असं तू ओरडायचीस आणि मी निमूटपणे मागे फिरायचो. जन्मभर किल्ल्या घडवणाऱ्या माणसाला किल्ली कोणती ते पाच वर्षांची पोर सांगते, म्हणून आई हसायची. मी म्हणायचो, पोरीचं लक्ष गुंतून राहावं म्हणून मुद्दाम विचारतो.

तू नोकरीला गेलीस आणि माझं खेळणं सुटलं. आता पूर्वीसारखे गेम राहिले नाहीत, हे मी सगळ्यांना ऐकवत असतो आणि ते काही खोटं नाही. पूर्वी एका लेव्हलमध्ये आठवडा आठवडा हरवायचो. ते हरवणं आपलं असायचं. हल्ली सरळसोट बोळ असतो, कानात कुणीतरी सतत बडबडतं, इकडे वळ, तिकडे वाक, आता गोळी घाल. भिंतीआड दोन श्वास घेतले की जखम बरी. शत्रू तर वरातीत उभे राहिल्यासारखे समोर येतात. एकट्यानं खेळायचं तरी इंटरनेट लागतं, आणि निम्मी गोष्ट पुढे वेगळी विकत घ्यावी लागते. खेळतो मी की गेम मला खेळवतो, तेच कळत नाही.

काल दुकान उघडलंच नाही. जेवून धरणात उतरलो आणि पहिल्या बोगद्यातच पाऊण तास भटकलो. तुला चार शिव्याही दिल्या, आईनं ऐकल्या. मग वैतागून माउसवरचा हात काढला आणि नुसता बसून राहिलो, तेव्हा पाणी ऐकू आलं. डावीकडे ते जास्त घुमत होतं. तिकडे गेलो. पुढे एका फाट्यावर वाऱ्यानं लोंबती साखळी हलत होती, म्हणजे त्या बाजूला उघडी वाट असणार. जिन्यांत एकाच जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या होत्या, रोज माणसं चढली असतील तशा. पंपघरात किल्ल्या तीन, आणि तिन्हींचे दाते वेगळे. कुलपाचं तोंड बघितलं, बरोबर ती उचलली आणि धरणाबाहेरचं शेवटचं दार उघडलं. खारूताई, माझं कामच ते. इतका खूश झालो की आईला हाक मारून ते कुलूप दाखवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, हिला काय झालं? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तुला माहीत होतं तर. आईखेरीज मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि पोरीपासून बेमालूम लपवलंय, अशा तोऱ्यात इतकी वर्षं वावरलो. मला लाल आणि हिरवा एकच दिसतो, खारूताई. म्हणून त्या किल्ल्या तुला विचारायचो. तू गेल्यावर खेळणं सुटलं त्यातही गेमचा दोष अर्धाच होता. बाकी अर्धं कारण हे, की नव्या गेममधला हिरवळीवरचा लाल बाण मला दिसायचाच नाही, आणि पेटीवर कुणी नव्हतं. तुझ्या धरणात रंगावाचून काहीच अडत नाही. तू हे साहेबांना सांगितलं नसशील, बाबाचं गुपित म्हणून. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितोय. सोमवारी खुशाल सांग. म्हणावं, एक म्हातारा किल्लीवाला कुणालाही काही न विचारता धरणातून बाहेर पडला, आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यांनी तरीही बाण घातलाच, तर घालू देत. मला तो दिसणार नाही. मी पाण्याच्या आवाजानंच जाईन.

तुझाच,
आता हातही ज्याचे स्वतःचे आणि डोळेही स्वतःचे, तो
बाबा