जोड दिसला नाही

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस भोवऱ्याचा सा. न.

पुन्हा तेच. शाळा सोडली नसतीस तर, शाळा सोडली नसतीस तर. बारा वर्षं झाली, तुझी तबकडी काही बदलत नाही. पण या वेळी तुझ्या शिक्षणाशी काम पडलंय, म्हणून भांडण अर्ध्यावर सोडतो.

कारखान्याच्या हातकामाच्या खात्यात घेण्यासाठीची परीक्षा झाली. जिन्याच्या कठड्याचं वळण करायचं होतं. मी तीन तुकडे जोडले, पण लाकडाच्या रेषा अशा जुळवल्या की झाडच वाकडं वाढलंय असं वाटावं. बाबांनी शिकवलं तसंच, हात फिरवला तरी जोड लागता कामा नये. शेजारच्या बाकावरच्यानं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या लावून झेब्रा उभा केला. साहेब त्याच्यापुढे दहा मिनिटं थांबले. माझ्या वळणावरून एकदा बोट फिरवलं आणि पुढे गेले. कागदावर एकच शब्द लिहिलाय, अंडरव्हेल्मिंग. शेजारी नुसता हसतो, अर्थ सांगत नाही. तो शब्द काय आहे, कुठून आला, शोधून कळव. निकाल महिनाअखेर लागेल. पास झालो तर राहायला कारखान्याच्या दोन खोल्या मिळतात, बाबांना तुझ्याकडून लगेच घेऊन येतो. तुझ्या सासूबाईंना म्हणावं, थोडी कळ काढा. बाबांना हे वाचून दाखवू नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
भोवरा


ता. १९ मार्च

चि. भोवऱ्यास अ. आ.

मी वाचनालयात पुस्तकं देते-घेते म्हणून मला सगळं येतं, असा तुझा समज आहे. तो तसाच राहू दे. मोठा कोश काढून बसले. तुझ्या शब्दाचा अर्थ, छाप न पाडणारं. वाईट नव्हे, पण डोळ्यांत न भरणारं. 'व्हेल्म' म्हणजे पूर्वी पालथं घालणं, पाण्यात बुडवून टाकणं. त्याला 'ओव्हर' लावलं की माणूस भारावून जातो. मग गेल्या शतकात कुणीतरी थट्टेनं 'ओव्हर' काढून 'अंडर' बसवलं आणि ते रुळलं. गोड करून सांगितलं असतं, पण कोशात गोड काही सापडलं नाही.

एका खोलीत पाच माणसं, पत्र लपवणार कुठे? बाबांना वाचून दाखवावं लागलं. त्यांनी अर्थ विचारलाच नाही. साहेबाच्या बोटाला जोड लागला का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर दिवसभर खुशीत होते.

सासूबाई परवा म्हणाल्या की त्यांचा भाऊ राहायला येतोय, बाबांची कॉट लागेल. वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून ठेवलाय. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतात. अजून भरलेला नाही, तुझ्या निकालाची वाट बघतेय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आहे तो जीव असाच लावत राहा.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. सौ. ताईस सा. न.

नापास. शेजारी पास. साहेबांना म्हटलं, चूक दाखवा, पुन्हा करून देतो. ते म्हणाले, चूक काहीच नाही. ताई, चूक असती तर रंध्यानं काढली असती. नाही ती कशी काढू? कुणाची तरी जुनी थट्टा, ती येऊन माझ्या कागदावर बसली.

मग सांगितलं की हे तीन तुकडे आहेत. त्यांना खरंच वाटेना. ते समजत होते की मी एकाच ओंडक्यातून कोरलंय. कापून दाखवू का विचारलं, तर म्हणाले, यादी वर गेली, आता राहू दे. पुढची परीक्षा तीन वर्षांनी. सगळे गेल्यावर मीच करवत घेऊन कापलं. तेव्हा कुठे जोड दिसला, आणि बघायला मी एकटा.

बाबांना नापास म्हणून सांगू नकोस. खोल्या रिकाम्या व्हायला वेळ आहे म्हण. त्यांनी चुकीचं शिकवलं असं त्यांना वाटलं तर ते मला सोसायचं नाही. फॉर्म भर.

पत्र दोन ओळींचं का होईना, पण पाठवत जा.

तुझा,
भोवरा

ता. क. खोल्यांच्या अनामतीसाठी साठवले होते ते सगळे पाठवतोय, बत्तीस हजार चारशे.