भिंतीवरचा पासवर्ड

अजयभाऊ,

मी वडशाले चालली. भात झाकून ठेवला आहे.

आपल्या दुकानाच्या पेजचा पासवर्ड तू खडूनं भिंतीवर लिहिला, अन् त्याच भिंतीपुढं मी शिवलेला नाटकातल्या राजाचा अंगरखा धरून व्हिडिओ टाकला. साऱ्या झाडीपट्टीनं वाचला! आता कोणीतरी पेज बळकावून नाटक कंपन्यायले कळवून राह्यला का दिव्यानीनं शिवणं सोडलं. ऐन नाटकाच्या सीझनमंदी! म्हणून वडशात एकेका कंपनीच्या दारी जाऊन मले तोंडानं सांगा लागते, मी शिवून राह्यली म्हणून.

अन् पासवर्ड काय, तं 'अजय१२३'! मशीन मी चालवते, मंग नाव तुयं काऊन?

भिंत पुसून ठेव. पेज परत भेटलं का नवा पासवर्ड मी ठेवीन. चांगला लांब ठेवीन, अन् त्यात तुयं नाव नसन.

दिव्यानी