ओढ्याकाठची मधली पट्टी

मी, सहकारी संस्थेच्या पुढच्या खोलीत बसून शेतकऱ्यांना सरकारी योजना शोधून देणारी, अविवाहित, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. उद्या माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मला काळजीसाठी कधी कारण लागलेले नाही.

१. ओढ्यालगतची माझ्या नावावरची पट्टी. ओढा दर वर्षी काठ कापून नेत होता, म्हणून काठावरच्या सगळ्यांनी मिळून मृदसंधारणाच्या योजनेत भाग घेतला. काठ नांगरायचा नाही, गवत आणि झाडे राखायची; त्या बदल्यात ठिबक सिंचनासाठी कमी व्याजाचे कर्ज. योजना मी शोधली आणि घरोघरी अटीही मीच वाचून दाखवल्या. एकाने जरी काठ नांगरला, तरी सगळ्यांची सवलत जाते. मालक गेल्यावर ही अट वारसाने पाळायची असते. आणि मधली पट्टी माझी आहे.

वारस म्हणजे दादा. जेवताना सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुझ्या त्या गवतात एक दिवस ट्रॅक्टर घालतो की नाही बघ!" सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून मला धड झोप नाही.

म्हणून ही पट्टी मी शेजारच्या आडमुठ्या काकांना देत आहे. मला 'कागदी बाई' म्हणणारे तेच, आणि सर्वांत शेवटी सही करणारेही तेच. "पोरी, तुझ्या शब्दावर करतोय, त्या साहेबाच्या नाही," म्हणाले होते. त्यानंतर काठावर त्यांनी बैलसुद्धा फिरकू दिलेला नाही. 'कागदी बाई' मात्र मी विसरलेले नाही, हे त्यांना कळवावे.

२. लॅपटॉप व प्रिंटर संस्थेला. प्रिंटर कागद ओढेनासा झाला की डाव्या बाजूला हलकी थाप मारावी.

३. इस्पितळाचे बिल भागवून उरेल ते आत्याला. तिने मला घरी बियाण्यांच्या पिशव्यांवरून अक्षरे शिकवली. "बारीक छापलेलं आधी वाच गं," हे तिचेच. माझ्यामागे लोकांना अटी तिने वाचून दाखवाव्यात. आधी चष्मा बदलावा.

४. योजना चालू असताना 'बंद झाली' सांगून लोकांना परत पाठवणाऱ्या कृषी कार्यालयातल्या साहेबांना काही नाही.

५. दादा, राहते घर तुझेच आहे. पट्टी तुला देता आली नाही, याने जीव तुटतो. पण लोकांनी सह्या माझ्याकडे बघून केल्या आहेत.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: इस्पितळात दाखल होण्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ
सही: (केली)

साक्षीदार पहिली: संस्थेच्या सचिवबाई. सही केली, पाणीही न घेता गेल्या.

साक्षीदार दुसरा: दादा. पुढे त्यालाच हे खोटे म्हणता येऊ नये, म्हणून मुद्दाम त्याची सही घेत आहे. सगळे वाचून म्हणाला, "अगं, गंमत केली होती मी."

"खरंच घातला नसतास?"

त्याने पेनाचे टोपण काढले. "माहीत नाही," म्हणाला, आणि सही केली.