खंडेनवमीनंतरचं माप

३ नोव्हें., सोम.
साताऱ्याहून पहाटेची एसटी, कराडपर्यंत उभी. गुडघा बोलायला लागलाय. लॅबच्या दारातच पीएचडीवाली रूपाली उभी. मशीन ऑटोवर लावून घेतलेले तिच्या सुताचे फोटो जुळत नाहीत. आमचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप एकेका तंतूचे तुकड्या-तुकड्यांनी फोटो घेतो आणि आपणच जोडतो. आज तिरपा तंतू प्रत्येक जोडावर पायरी उतरतोय.
"मॅडम, माझंच सँपल हललं असंल."
म्हटलं, अगं मशीनलाही सोमवार असतो. उद्या बघू.

४ नोव्हें.
मंगळवारही झाला. पायरी तशीच. ए.सी. बंद करून पाहिला. पंपाखालचे रबर बदलले. सँपल सरकवणारं स्टेज घट्ट केलं. हंगाम सुरू झालाय, लॅबमागून उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर गाण्यांचा दणका. जमीन हादरते. माझा संशय त्यांच्यावरच.
विभागप्रमुख पाटील सर दारातूनच, "उद्यापर्यंत ओके करून टाका." पी हळद आणि हो गोरी!

६ नोव्हें.
पुण्याचा इंजिनिअर फोनवर. बंद करून चालू करा. केलं. परत बंद करून चालू करा. केलं. एवढ्यासाठी फोन कशाला, हे तर घरी मिक्सरलाही करते.
रूपाली दिवसभर शेजारी बसून. डबा उघडलाच नाही. महिनाअखेर प्रबंध द्यायचाय, मुदतवाढ दोनदा घेऊन झाली. दहिवडीहून आईचा रोज फोन, "झालं का गं?" ती रोज म्हणते, होतंय.

९ नोव्हें., रवि.
साताऱ्याला घरी गेले नाही. ऊसदराचं आंदोलन, वाहतूक बंद. सगळा रस्ता शांत. म्हटलं, हीच संधी. फोटो घेतले.
पायरी तश्शीच. मनातल्या मनात ट्रॅक्टरवाल्यांची माफी मागितली.
ह्यांचा फोन, "तुझ्यावाचून ते मशीन बंद पडणार आहे का?" बंद नाही हो पडणार. चुकीचं चालू राहील.
दमलेय. खरंच दमलेय.

११ नोव्हें.
हादरा नाही, हलणं नाही. मग माप? गणपतीच्या आधी मोजलेला एक तंतू कपाटातून काढून परत मोजला. जाड निघाला. कपाटात बसून तंतू कशाला जाड होईल!
म्हणजे मशीनची मोजपट्टीच ताणलीय. स्टेज खऱ्या अंतराने सरकतं, फोटोवरचं माप खोटं, म्हणून जोड जमत नाही.
हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. उलट मोजणीच्या तारखा काढून बसले. रूपालीचा अख्खा प्रबंध एका गोष्टीवर उभा आहे: बाभळीच्या सालीच्या काढ्यात ठेवलेला तंतू फुगतो. साधं सूत तिने दसऱ्याआधी मोजलं. काढ्यातलं दसऱ्यानंतर. मग फुगलंय ते सूत की मोजपट्टी?
तिला अजून बोलले नाही. आधी कारण सापडू दे.

१३ नोव्हें., गुरु.
सापडलं. मशीन रोज सकाळी कॅलिब्रेशन ग्रिडकडे पाहून आपलं माप लावून घेतं. नखाएवढी चकती, तिच्यावरच्या रेघांतलं अंतर ठरलेलं. आजवर सगळ्या जगावर संशय घेतला, ग्रिडवर नाही. आज तीच पडद्यावर घेतली. कडेला लख्ख चकाकी, आणि रेघा बघता बघता सरकतायत. कडेवर काहीतरी सांडलंय, त्यावर वीज साठते नि शेजारचं चित्र ओढलं जातं. मोठं करून पाहिलं. चपटे, अंडाकृती दाणे. पिष्टाचे.
माझं माहेर मार्केट यार्डाजवळ. पोत्यांच्या थप्प्यांवर खेळून वाढले. सांगलीची पोर, आणि हळद ओळखायला दहा दिवस! काखेत कळसा अन् गावाला वळसा.
खंडेनवमीला मशीनची पूजा झाली होती. झेंडूचा हार, नारळ बाहेरच्या पायरीवर फोडलेला. मी बजावलं होतं, हळदकुंकू बाहेरच्या पत्र्याला लावा, आत बोट घालू नका. तेव्हापासून माप थोडं थोडं बिघडत असणार, जोडणीचं सॉफ्टवेअर सांधून घेत होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडं पडलं.

१४ नोव्हें.
कुणी लावलं, विचारलं. रूपालीने लगेच मान खाली घातली.
"ग्रिडला न्हाई लावलं मॅडम. ती बसवायची बशी असते ना, तिच्या काठाला. एवढंसं बोट. तुमीच म्हणला होता, मशीन गेलं तर दुसरं येतं, माप गेलं तर सगळं गेलं. मला वाटलं, मग पूजा त्याचीच पहिली पायजे."
असा संताप आला! पण माझंच वाक्य होतं. आणि घरी तिचा फौजी भाऊ रजेवर आला की त्याच्या ट्रंकेला सुद्धा कुंकू लागतं, त्यात वाढलेली पोर.
मग तिचं तिलाच उमगलं. "आवं मॅडम, म्हंजी... तंतू फुगलाच न्हाई?"
ठाऊक नाही, म्हटलं. खरंच ठाऊक नाही.
सर म्हणतात, जेवढी चूक तेवढ्याने भागा आणि मोकळे व्हा. अहो, पण चूक रोज वेगळी. कशाने भागू? सगळं पुन्हा घ्यावं लागणार. सरांनी घड्याळ पाहिलं आणि गेले. रूपाली रडली नाही, तेच मला सोसेना.

१७ नोव्हें., सोम.
कोल्हापूरच्या मैत्रिणीच्या लॅबमधून ग्रिड उसनी आणली. बशी, चिमटे, सगळं धुतलं. रूपालीच धूत होती, सारखी सारखी, शेवटी हातातून काढून घेतलं. ऑटोवर लावलं. जोड चपखल, पायरी नाही. एरवी पेढे मागवले असते. आज दोघींनी नुसतं पाहिलं.

१९ नोव्हें., बुध.
साधं सूत पुन्हा मोजून झालं. दुपारी काढ्यातल्या सुताचा पहिला तंतू पडद्यावर आला. म्हटलं, हा हाताने मोजू, मग ऑटो. माऊस तिच्या हातात. तिने एक कड लावली. दुसऱ्या कडेपाशी हात थांबला.
"दुसरी तुमी लावा, मॅडम."
"तुझा तंतू आहे."
"माझा हात तिला भाईरच ओढंल. मला फुगलेलाच पायजे."
पुढे सरकले आणि माऊस हातात घेतला. तेव्हा कळलं, माझाही हात बाहेरच जाणार. पोरीचा जीव बघून बघून मलाही तो फुगलेलाच हवा होता. असं हवं असणाऱ्याने माप घेऊ नये. माऊस तसाच ठेवला. ऑटो चालू केलं. त्याला कुणाची माया नाही.
"संपलं की आकडा वाच आणि खाली ये," म्हटलं, आणि कँटीनला येऊन बसले. मागच्या रस्त्याने ट्रॅक्टर पुन्हा सुरू झालेत. दोन चहा सांगितले.
तिचा निवतोय. जिन्यावर अजून कुणाची चाहूल नाही.