तीन मिनिटं आणि एक पूल

मंगळवार, १० फेब्रुवारी

टाळ्या अजून कानात वाजताहेत आणि अंगाचा नुसता तिळपापड होतोय. आमच्या नदीवरची छोटी टगबोट मोडीत काढणार आहेत. हिवाळ्यात तीच बर्फ फोडते, नाहीतर बर्फ तुंबून पाणी थेट आमच्या गल्लीत शिरेल. टाऊन हॉलमधल्या सुनावणीत बोलायला तीन मिनिटं होती. मी काय बोलले? नदीकाठच्या संस्कृती, लोकशाही, सरकारचं कर्तव्य! लोक उठून टाळ्या वाजवत होते. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. मंचावरचे साहेब हसून म्हणाले, "ब्युटिफुल स्पीच, मॅम! डोन्ट वरी, मोठं जहाज पाठवू."

ब्युटिफुल! मी काय मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत उभी होते?

परतताना गाडी मृणाल चालवत होती. माझी ही लेक त्याच सरकारी टगवर इंजिन सांभाळते, म्हणून तिला तिथे तोंड उघडता येत नव्हतं. घराच्या वळणावर म्हणाली, "आई, स्पीच मस्त होतं. पण यू नेव्हर मेन्शन्ड द ब्रिज."

पूल! मोठं जहाज रेल्वेच्या पुलाखालून जातच नाही. टग बुटकी, म्हणून ती जाते. रविवारी जेवताना तिनं हेच तर सांगितलं होतं, 'एवढं एकच विचार' म्हणून. आणि मी पहिल्या टाळीलाच वाहवत गेले.

राग त्या साहेबांचा येतोय की माझा?

गुरुवारी पुन्हा सुनावणी आहे. मोठं जहाज पुलाखालून कसं आणणार, एवढंच विचारीन. उरलेली मिनिटं त्यांच्या तोंडाकडे बघत गप्प उभी राहीन. वाजवा म्हणावं टाळ्या.