तीनदा सांधलेला मोजा

दि. ४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

साहेबांच्या परवानगीने हातमोज्यांचा एक जोड पाठवते आहे. आमच्या प्रयोगशाळेतलं हे नवं रबर. चिरलं तर कडा जुळवून अर्धा तास गरम करायचं. आतले बंध सुटतात आणि निवताना पुन्हा एकमेकांना धरतात. तुझ्यासारख्या विजेच्या खांबांवर चढणाऱ्या माणसाच्या उपयोगाला येतील.

माझं राहणं आवारातच, फोन दारावर जमा आणि तीन वर्षांचा बाँड लिहून दिलेला. तेव्हा पत्रांवरच भागव. वहिनीला नमस्कार.

तुझी, अजून तरी लाडकी,
भिंगरी

दि. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मोजे झकास आहेत. एक तारेने चिरला, तो तुझ्या वहिनीने ओव्हनमध्ये सांधला. मग आमच्या पद्धतीने तोंड पिळून फुगवला आणि कानाशी धरला. फुस्स नाही. हवा निसटत नाही म्हणजे वीजही शिरणार नाही, असं आम्ही मानतो. माझा कामावरचा जोडीदार म्हणतो, तुझ्या बहिणीचे हात सोन्याने मढवायला हवेत.

बाँडचं मनाला लावून घेऊ नकोस. रबराचे बंध गरम केल्यावर सुटतात, तुझा कुठल्या भट्टीत सुटतो तेवढं शोधून काढ.

तुझ्या खोड्या न विसरलेला,
दादा

दि. २ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ते मोजे घालू नकोस. तिसऱ्यांदा सांधलेल्या तुकड्यात हवा अडते, पण वीज आरपार जाते. चिरेतली धूळ आणि घाम आतच कोंडले जातात आणि वर वणसुद्धा दिसत नाही. साहेबांना आकडे दाखवले. त्यांनी अहवालात ‘पूर्ववत’ हा शब्द घालायला लावला. नाही म्हटलं असतं तर बाँड मोडल्याचा खटला भरला असता, आणि मग मला कुणी दारातही उभं केलं नसतं.

मी सही केली, दादा. स्वतःची लाज वाटते. इथली पत्रं दारावर उघडून वाचतात, म्हणून सफाईच्या मावशींच्या हाती हे गुपचूप बाहेर पाठवते आहे; उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर धाड. वाचून फाडून टाक.

जमलं तर माया ठेव,
भिंगरी

दि. २० जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. पत्र फाडलेलं नाही. तुमचे मोजे आता आमच्या भांडारात आलेत, प्रत्येक खोक्यावर तुझी सही आहे. आमचे आधीचे मोजे भांडाराने परत घेतले. नवे नको म्हटलं तर आमचे साहेब कारण विचारणार, आणि कारण माझ्या खिशात. ते दाखवलं तर तू गेलीस. म्हणून मनगट मुरगळल्याचं सोंग करून मी खालचं काम मागून घेतलं.

माझ्या जागी जोडीदार चढतो. त्याच्या पोटात काही राहत नाही; त्याला सांगितलं तर दुपारपर्यंत सगळ्या भांडाराला कळेल, म्हणून गप्प बसलो. परवा त्याचा उजवा मोजा तिसऱ्यांदा सांधला. रोज वर जाण्याआधी तो फुगवून माझ्या कानाशी धरतो, आणि मी ‘ठीक’ म्हणून मान डोलावतो. तुझी वहिनी विचारते की ताट का सारलंस. मी मनगटाच्या दुखण्यावर ढकलतो.

तुझं पत्र यायला चार दिवस लागतात, आणि तो रोज चढतो. तुला धोक्यात घालू की त्याला, एवढं एका ओळीत कळव. काहीही लिहिलंस तरी मायेत अंतर पडणार नाही.

तुझा,
दादा