माझ्या खोलीचे दार व इतर चीजवस्तू

मी, राइनहिल्ड आस्काम्प, वय चव्वेचाळीस, शिक्षिका, राहणार क्रॉइट्सबेर्ग, पश्चिम बर्लिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. सोमवारी माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मी तितकी नाही.

१. घर भाड्याचे. बँकेतली शिल्लक आणि सायकल मुलगी फ्राउकेची.

२. मार्क्सचे निळे खंड वाचनालयाला. पेन्सिलीच्या खुणा पहिल्याच खंडात आहेत, त्याही सुरुवातीलाच.

३. मोर्च्यातला कर्णा फोल्कहार्टला, सेल काढून. तो आता सरकारी अधिकारी आहे आणि त्याच्या खोलीला दोन दारे आहेत, असे ऐकते.

४. माझ्या खोलीचे दार. अडुसष्ट साली आम्ही सातजण विद्यार्थी या घरात एकत्र राहायचो. कुणाचे काही खाजगी उरू नये म्हणून सगळी दारे काढून तळघरात ठेवली होती. माझे वडील भेटायला आले. युद्धात ते पोलंडमध्ये होते. त्याबद्दल आमच्याकडे कधी बोलणे झाले नव्हते. मी सर्वांदेखत विचारले, "बाबा, तिथे तुम्ही काय केलंत?"

ते रिकाम्या चौकटीकडे बघत म्हणाले, "आधी दार बसवू दे. मग बोलतो."

त्यांनी एकट्याने ते वर आणून बसवले. हात धुवायला गेले तेवढ्यात आमच्या सातांतल्या फोल्कहार्टने ते बिजागरीवरून पुन्हा उचलून काढले. "काका, क्रांतीत कडी नसते." बाबांनी टोपी घातली आणि स्टेशन गाठले. नंतर कितीदा विचारले, तरी एकच उत्तर: "राहू दे." चौऱ्याहत्तरमध्ये गेले. दार टिकले असते तर ते बोलले असते, की दार ही पळवाटच होती? मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढे बाकीची दारे परत बसली. मी मात्र हट्टाने पडदाच ठेवला. गेल्या रविवारी फ्राउके म्हणाली, "आई, एक विचारू?" पडद्यापलीकडे माझा पोटभाडेकरू खोकला. "राहू दे," ती म्हणाली, थेट बाबांच्या आवाजात.

काय असेल? आपला बाप कोण? की आमच्यातल्या ज्यांनी पुढे बॉम्ब उचलले, त्यांना मी या घरात जेवू घातले का? दोन्हींची उत्तरे माझ्याकडे आहेत.

दार काल बसवले. ते फ्राउकेला देत आहे. एवढे कलम माझ्या मृत्यूची वाट न बघता आजच लागू. प्रत तिच्या पत्रपेटीत टाकते. रविवारी मी घरी आहे. किल्ली आतल्या बाजूला आहे.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला इथल्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात:

गेर्ट्रूड ल्युडेके, खालचा मजला. (पूर्वी जिन्यातून ओरडायच्या, "पटत नसेल तर भिंतीपलीकडे, पूर्व बर्लिनला चालते व्हा." काल दाराची दुसरी बाजू त्यांनीच धरली. "वीस वर्षांनी अक्कल आली म्हणायची.")

उल्फ टाम्स, पोटभाडेकरू, खोकणारा.

राइनहिल्ड आस्काम्प
पश्चिम बर्लिन, शुक्रवार, ३ मार्च १९८९